चाकावरचा चरा आणि आपले मौन

आपल्या बेटावरील काही मराठी घरांतील मुले-मुली आज नोकरीनिमित्त संयुक्त अरब अमिरातीत राहतात. ती सुटीत घरी येतात तेव्हा तेथील उंच इमारतींच्या, रुंद रस्त्यांच्या आणि भाजून काढणाऱ्या उन्हाच्या गोष्टी सांगतात. परंतु जेवणे झाल्यावर, मंडळी निवांत बसल्यावर, ज्या लहानसहान अडचणी बाहेर येतात त्याच खऱ्या शिकण्यासारख्या असतात. अशीच एक गोष्ट आम्ही नुकतीच ऐकली आणि ती वाचकांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले.

आमच्या ओळखीच्या घरातील एक तरुण शारजात राहतो व कामासाठी रोज मोटारीने दुबईस जातो. मोटार जुनी, पण हप्त्याने घेतलेली व जिवापाड जपलेली. औद्योगिक वसाहतीतील एका दुकानात त्याने चारही टायर बदलून घेतले, पैसे दिले आणि संध्याकाळच्या गर्दीत तसाच घरी गेला. दोन दिवसांनी गाडी धुताना त्याला दिसले की, तीन चाकांच्या रिमांना, म्हणजे बेटावर ज्यांना आपण 'जांत' म्हणतो त्यांना, कडेवर ताजे चरे पडले आहेत. तो दुकानात गेला. मालक म्हणाला, "गाडी येथून गेली तेव्हा चांगली होती. बाहेर कोठे काय झाले ते आम्हांस काय ठाऊक?" ह्याच्या हाती ना फोटो, ना लेखी काही. त्याने फोनवर आईला सांगितले. आई म्हणाली, "जाऊ दे बाळा, परका मुलुख आहे. भांडू नकोस." त्याने जाऊ दिले. पुढे काही आठवड्यांनी दुसऱ्या एका मेकॅनिकने चाक उघडले तेव्हा कळले की, एक नट आडवा पिळून बसवला होता आणि त्याच्या खिळीचे आटे पार गेले होते. त्या चाकावर आपला मुलगा इतके दिवस भरधाव रस्त्यावरून जात-येत होता!

त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. मुलगा परदेशी असता प्रत्येक आई हेच म्हणेल. परंतु चरा सोडून देता येतो, नट सोडून देता येत नाही, आणि एकाकडे पाहिले नाही तर दुसराही दिसत नाही. म्हणून ह्या 'जाऊ दे'चा विचार करावयास हवा.

त्या देशात टायर बदलण्याचा प्रसंग वारंवार येतो. उन्हाळ्यात तापमान पंचेचाळीस अंशांच्या वर जाते व रबर लवकर निबर होते. शिवाय टायर तयार होऊन पाच वर्षे उलटली की नक्षी कितीही शाबूत असली तरी गाडी वार्षिक तपासणीत अडते. मुदत संपलेल्या टायरवर गाडी चालविल्यास ५०० दिरहॅम दंड व परवान्यावर ४ काळे गुण ठरलेले आहेत. टायरच्या बाजूवर छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांत त्याची जन्मतारीख असते. '२३२४' असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नवे टायर घेताना हे चार आकडे आधी वाचावेत.

आता नुकसान होते कसे? जुना टायर रिमच्या कडेपासून सोडविण्यासाठी यंत्राचा जाड पंजा दाबला जातो. मग यंत्राच्या लोखंडी चोचीने किंवा हातातील टॉमीने टायर वर उचलून काढतात. चोचीवर प्लास्टिकचे आवरण नसेल, ते झिजले असेल किंवा टॉमीखाली संरक्षक पट्टी ठेवली नसेल, तर लोखंड मऊ ॲलॉयला ओरबाडणारच. कमी उंचीच्या, कडक बाजूंच्या टायरांना जोर अधिक लागतो, म्हणून त्यांच्या रिमा अधिक दुखावतात. अनेक नव्या मोटारींत व्हॉल्व्हजवळ आतल्या बाजूस हवेचा दाब सांगणारा सेन्सर असतो. पंजा नेमका तेथे दाबला तर तो तुटतो. शेवटचा धोका नट आवळताना असतो. हाताने दोन-चार आटे न फिरवता नट थेट हवेच्या बंदुकीने पिळला तर तो आडवा बसतो, आणि अति आवळला तर खिळी ताणली जाते.

चांगला कारागीर नट आधी हाताने लावतो, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतो आणि शेवटी मापाचा पान्हा घेऊन गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकाच जोर देतो. बहुतेक लहान मोटारींत हे माप १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत. त्यासाठी दुकानात परत जाण्यास कोणी लाजू नये.

नुकसान कोणते, हेही ओळखता आले पाहिजे. फूटपाथच्या कठड्याला चाक घासले तर बहुधा कडेवर लांब खरखरीत पट्टा उमटतो. हत्याराची खूण बहुधा आखूड, खोल व चकचकीत असते आणि टायर जेथे रिमला भिडतो तेथेच असते. नुसता चरा घासून, रंग देऊन बुजविता येतो. रिम वाकली असेल तर हवा हळूहळू जाते किंवा सुकाणू थरथरते. अशी रिम जाणकाराला दाखवावी. मात्र रिमला तडा गेला असेल तर स्वस्तात वेल्डिंग करून ती पुन्हा रस्त्यावर आणू नये. तेथे पैशाचा हिशेब करू नये.

मग ग्राहकाने करावे काय? दुकानात गाडी देण्यापूर्वी चारही चाकांचे फोटो फोनवर काढून ठेवावेत. जुने चरे असतील तर ते आपणच प्रामाणिकपणे दाखवून द्यावेत. आपल्या खरेपणावरच पुढे आपला शब्द टिकतो. काम चालू असता शक्य तर तेथेच थांबावे. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक चाकाभोवती एक फेरी मारावी. खूण दिसली तर आवाज न चढवता व्यवस्थापकास बोलवावे, फोटो दाखवावा आणि बिलावरच नुकसानीची नोंद करून सही मागावी. गाडी एकदा दुकानाबाहेर पडली की पुरावा निम्म्याने कमी होतो.

आणि दुकानदार ऐकेनासा झाला तर? परका मुलुख असला तरी तेथे कायदा नाही असे समजू नये. अमिरातीत ग्राहक संरक्षणाचा संघीय कायदा २००६ साली आला व त्याची जागा २०२० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने घेतली. तो मालाला आणि सेवेलाही लागू आहे. सेवा घेताना झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क त्यात आहे आणि तो हक्क काढून घेणारा करार व्यर्थ मानला जातो. म्हणून 'नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी भिंतीवर आहे एवढ्यावरून कोणी माघारी फिरू नये. कायदा मोडणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. दुबईत अर्थ व पर्यटन विभागाखाली ग्राहक संरक्षणाची स्वतंत्र संस्था आहे. शारजा व अबू धाबी येथे आर्थिक विकास विभागाकडे तक्रार करता येते. बिल, फोटो आणि तारीखवार हकीकत एवढे हाती असले की तक्रारीला आधार मिळतो.

येथे एक गोष्ट आम्हांस आग्रहाने सांगावयाची आहे. त्या दुकानात टॉमी धरणारा मुलगाही बहुधा आपल्यासारखाच घर सोडून आलेला असतो. उकाड्यात दिवसभर चाके उचलणाऱ्या त्या मुलाला योग्य हत्यार देणे, शिकविणे आणि घाई न करविणे हे मालकाचे काम आहे. झिजलेले आवरण बदलले नाही ते मालकाने, आणि शिव्या खाल्ल्या त्या मुलाने, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला. आपले वाडवडील ह्या बेटावर मजूर म्हणून आले तेव्हा वरच्यांच्या चुकांचे ओझे खालच्यांच्या पाठीवर कसे येते, हे त्यांनी भोगले आहे. त्यांच्या नातवंडांनी तरी मालकाशीच बोलावे आणि त्या मुलाचा पगार कापू नका, असेही जाता जाता सांगावे.

हे सारे केवळ अमिरातीपुरते नाही. आपल्या बेटाच्या दिवाणी संहितेचे १३८२ वे कलम हेच सांगते की, ज्याच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे. आणि १३८४ वे कलम नोकराच्या कामातील चुकीसाठी मालकास जबाबदार धरते. तरीही येथेसुद्धा आपण गॅरेजमधून गाडी घेऊन निमूट घरी येतो, कारण मालक ओळखीचा असतो, शेजारच्या गावचा असतो. ओळखीपोटी गप्प बसणे आणि परकेपणापोटी गप्प बसणे, ह्या दोहोंचे फळ एकच.

आपण दिलेल्या पैशाचे काम नीट झाले की नाही हे पाहणे म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. बाजारातून भाजी आणताना आपली आजी प्रत्येक वांगे उलटून पाहत असे. भाजीवाला रागावत नसे, उलट तिच्यासाठी चांगली वांगी बाजूला ठेवीत असे. पाहणारे गिऱ्हाईक दुकानदारालाही सुधारते.

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलांना ह्या आठवड्यात फोन कराल तेव्हा, 'जेवलास का?' ह्या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: 'चाकांचे नट तपासलेस का?' आणि त्याने काही तक्रार सांगितली तर 'जाऊ दे' म्हणू नका. 'शांतपणे बोल, पण बोल' असे सांगा.