वाटिकेस पाणी कोण घालणार?

वृक्षारोपणाच्या छायाचित्रांना आषाढ-श्रावणात तोटा नसतो. त्याच रोपांचे छायाचित्र पुढील वैशाखात कोणी काढीत नाही. सार्वजनिक औषधी वाटिकेसाठी वर्गणी मागण्यापूर्वी वैद्यवर्गाने आणि औषधविक्रेते बंधूंनी या एका गोष्टीचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

मावळातील सुदुंबरे येथे श्रीसंताजी जगनाडे महाराजांची समाधी असल्याने तेथे दूरदूरच्या भाविकांची ये-जा असते. ग्रामस्थांच्या संमतीने या गावी सर्वांना खुली अशी एक वाटिका व्हावी, असे आम्हांस वाटते. प्रारंभ पंचवल्कलाने करावा. वड, उंबर, पिंपळ, पारोसा पिंपळ आणि पायर ही झाडे या हवामानात तग धरणारी असून सावलीही देतात. गावाच्या नावातच उदुंबराचा भास होतो. व्युत्पत्ती काही असो, उंबर तेथे शोभेल. पाठोपाठ दशमुळातील बृहत्पंचमूळ, म्हणजे बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण, लावता येईल. यांतील टेटू आणि पाडळ उभे पाहिलेले नाहीत असे पदवीधर आपल्यात किती आहेत, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

अशोकाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या, हिरवट फुलांच्या आसुपालवालाच लोक अशोक म्हणतात आणि त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाने बाजारात येते. नारिंगी-तांबड्या गुच्छांचा सीतेचा अशोक एकदा पाहिलेला रुग्ण अशोकारिष्टाविषयी अधिक नेमके प्रश्न विचारील, आणि ते आपल्या हिताचेच आहे. म्हणून प्रत्येक झाडाची पाटी जाणत्या वैद्याने तपासलेली असावी. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्या संताजींच्या गावी निदान पाट्या तरी शुद्ध हव्यात!

आता खर्चाचे. एका रोपास आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर पाणी धरले, तर शंभर रोपांना आठवड्याला तीन हजार लिटर लागते. कार्तिकापासून मृगापर्यंत सुमारे बत्तीस आठवडे होतात. म्हणजे एका हंगामाला जवळजवळ एक लाख लिटर. हे किमान तीन वर्षे चालावे लागेल. रोपांची किंमत या हिशेबात नगण्य आहे. तेव्हा देणगी कमानीसाठी वा नामफलकासाठी न देता माळ्याचे वेतन आणि पाणी यांसाठी द्यावी, तीही एकरकमी न देता दरमहा. ज्या दुकानाला शंभर रुपये परवडतात त्याने शंभरच द्यावेत, पण खंड पडू देऊ नये.

हे अशक्य नाही. पुण्याची एम्प्रेस गार्डन 1830 साली स्थापन झालेली एक कृषि-उद्यान संस्था चालवते. सुमारे एकोणचाळीस एकरांचा तो पसारा प्रवेशशुल्क, जानेवारीतील पुष्पप्रदर्शन आणि हितचिंतकांची मदत यांच्या आधारे आजवर टिकला आहे. आपली वाटिका त्यापुढे परसाएवढी असेल.

औषधनिर्मात्यांना एक स्पष्टोक्ती आवश्यक वाटते. वाटिका ही कच्च्या मालाची खाण नव्हे. मूळ खणले की झाड गेले, आणि साल सोलू लागलो की तेही फार काळ उभे राहत नाही. येथून बी आणि कलमे घेऊन आपापल्या शेतांच्या बांधांवर लावावीत. साल-मुळांची गरज तेथून भागवावी.

श्रमदानाबाबत आमची अपेक्षा माफक आहे. महिन्यातून एक रविवार सकाळी दोन तास: आळी करणे, तण काढणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे. वैद्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर आणावे; द्रव्यगुणाचा तास तेथेच होईल. चैत्र-वैशाखातील रविवार मात्र आधीच वाटून घ्यावे लागतील, कारण त्या दिवसांत प्रत्येकाला गावी लग्न असते.

जागेसंबंधी ग्रामपंचायतीकडे जाण्यापूर्वी आमच्या हाती त्या आठ-दहा रविवारांची नावांसह यादी असावी. सभासदांनी आपला रविवार कार्यालयात लेखी कळवावा. रोपे त्यानंतर आणू.