नेम चुकला तर चालेल, नियत चुकता कामा नये!

गेल्या हिवाळ्यात बारामतीतील एका शालेय धनुर्विद्या स्पर्धेच्या मांडवात एका पालकाने प्रस्तुत लेखकास बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, ‘‘साहेब, तुम्ही पेपरवाले, तुम्हांला ठाऊक असेल. पोराचा सरावात नेम चुकत नाही, पण स्पर्धेत हात कापतो. आमच्या तात्यांना बीपीची गोळी चालू आहे. त्यातली अर्धी दिली तर चालंल का? मैदानावर बोलत होते लोकं.’’

विचारणारे गृहस्थ इंदापूर तालुक्यातले शेतकरी. पहाटेच्या एसटीने मुलाला घेऊन आलेले. त्यांच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेशही नव्हता, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच आहे. ज्या कृत्याने मुलाचे क्रीडाजीवन संपू शकते, ते कृत्य एक सज्जन बाप लेकराच्या कल्याणासाठी करू पाहत होता!

‘उत्तेजक द्रव्य’ या शब्दाने आपली मोठी दिशाभूल केली आहे. उत्तेजक म्हटले की फुगलेले दंड आणि आखाड्यामागे सापडणाऱ्या सुया डोळ्यांसमोर येतात. धनुर्विद्येचे मात्र सारेच उलटे. येथे हवी असते ती शांतता. ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे. तेथे हृदयाचा एक चुकार ठोकाही बाण भरकटवतो. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या काही गोळ्या (ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या ‘बीटा ब्लॉकर’ वर्गातील) हृदयाची गती मंदावतात, हाताचा कंप कमी करतात. म्हणूनच धनुर्विद्या व नेमबाजी या खेळांत त्या केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर वर्षाचे बाराही महिने निषिद्ध आहेत. ज्याला दमा आहे, अशा मुलाच्या तर त्या जिवावरही बेतू शकतात. तात्यांच्या उशाशी असलेली गोळी तात्यांसाठी औषध आहे. नातवासाठी ती अपराध आहे.

आणि हा अपराध कोणाच्या नावावर लिहिला जातो? खेळाडूच्या! जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संहितेचा पहिला दंडकच असा की, शरीरात जे सापडले त्याचा जबाबदार खेळाडू. कोणी दिले, का दिले, ठाऊक होते की नव्हते, हे प्रश्न शिक्षा किती द्यायची हे ठरवताना येतात. दोष ठरवताना नव्हे. नमुना देण्यास नकार देणे हाही दोष. औषध वैद्यकीय कारणाने खरोखरच आवश्यक असेल तर तशी सवलत रीतसर अर्ज करून मिळवावी लागते. वरच्या पातळीवरील निवडक खेळाडूंना आपला ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो आणि बारा महिन्यांत तीनदा त्यात कसूर झाली तरी बंदी येते.

हे नियम परकीयांनी आपल्यावर लादले आहेत, भारताची प्रगती त्यांना खुपते, असे म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. त्यांनी आकडे पाहावेत. २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० दोषी आढळले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत आपले प्रमाण सर्वाधिक, आणि तेही सलग तिसऱ्या वर्षी! त्यांत कुस्तीचे २९ नमुने होते, ही गोष्ट बारामती-इंदापूरच्या तांबड्या मातीने विशेष लक्षात घ्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत चाचणी अधिकारी आल्याची वार्ता पसरली आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. बाकीचे कोठे गेले? त्यांना कोणत्या परकीय शक्तीने पळवले?

महाराष्ट्रालाही हा धडा दोनदा मिळाला आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपूर्वी दोषी आढळला. अन्नात कोणी तरी औषध मिसळले, हा त्याचा बचाव देशातील समितीने मानला. परंतु क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट २०१६ रोजी ठोस पुराव्याअभावी तो फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. कट असेलही, नसेलही. पण आपल्या ताटात काय येते यावर नजर ठेवण्याचे दायित्व खेळाडूचेच, हे लवादाने बजावले. दुसरे उदाहरण मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे. २०१९ साली खोकल्याच्या साध्या औषधातून टर्ब्युटालिन शरीरात गेले आणि आठ महिन्यांची बंदी पदरी पडली. प्रसिद्धीच्या झोतातला, सल्लागारांच्या गराड्यातला खेळाडू जेथे फसतो, तेथे भवानीनगरच्या किंवा निमगाव केतकीच्या पोराने काय करावे?

येथेच आमचा खरा आक्षेप आहे. नियमांवर नव्हे, तर नियमांचा सारा भार कोवळ्या खांद्यावर टाकून नामानिराळे राहणाऱ्या मोठ्यांवर! संहितेत अल्पवयीनांना ‘संरक्षित’ मानून सौम्य वागणूक देण्याची सोय आहे. अशा प्रकरणात प्रशिक्षकाचीही चौकशी बंधनकारक आहे आणि गंभीर वर्गातील द्रव्य मुलाला देणाऱ्यास आजीवन बंदीही होऊ शकते. पण संसदेने २०२२ साली उत्तेजक द्रव्य विरोधी कायदा केला, तेव्हा त्यात तुरुंगवासाची तरतूद ठेवली नाही. ज्याला कधी राष्ट्रीय संघाचे दार दिसलेले नाही, त्या गल्लीतल्या ‘सरां’ना बंदीचे भय कसले? पुणे परिसरात रक्तदाब वाढवणारी मेफेंटरमाईनची इंजेक्शने व्यायामशाळांतील तरुणांना विकणाऱ्यांवर पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या आहेत. म्हणजे बाजार आहे, गिऱ्हाईक आहे आणि दलालही आहेत.

या बाजारास खतपाणी कोण घालते? शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण या योजना हेतूने उत्तमच आहेत. परंतु आपण त्यांचे रूपांतर सौद्यात केले. खेळ ही साधना राहिली नाही, प्रमाणपत्र मिळवण्याची खटपट झाली. प्रमाणपत्रच हवे असेल तर अर्ध्या गोळीत काय बिघडले, असा विचार मग आपोआप येतो.

वास्तविक या मातीला आदर्श शोधण्यास दूर जावे लागत नाही. नीरा ओलांडली की फलटण तालुका. तेथील सरडे गावचा, शेतमजुरी करणाऱ्या आईवडिलांचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतासाठी धनुष्य घेऊन उभा राहिला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिच्याबरोबर त्याच अकादमीत घडलेला नागपूरचा ओजस देवतळेही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. संधी दाराशी आहे. तिला डाग लागू द्यायचा की नाही, हे आपणच ठरवायचे आहे.

देशभरातील सात हजार चाचण्यांपैकी एकही इंदापूरच्या शालेय मैदानावर होण्याचा संभव नाही. म्हणून हे काम समाजालाच करावे लागेल. प्रत्येक धनुर्विद्या वर्गाने निषिद्ध औषधांचा फलक मराठीत लावावा. डॉक्टरांकडे जाताना पालकांनी पहिले वाक्य ‘मुलगा खेळाडू आहे’ हे उच्चारावे. औषधाविषयी शंका आल्यास नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप पाहावे. प्रोटीनचा डबा कोणी दिला याची नोंद वहीत ठेवावी. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना विकणाऱ्या दुकानांकडे डोळे उघडून पाहावे. आणि ज्या प्रशिक्षकाच्या तोंडून ‘एक गोळी आहे’ हे शब्द निघतील, त्याच्या हाती आपले मूल दुसऱ्या दिवशी सोपवू नये. एकलव्याच्या अंगठ्यावरून आपण आजवर वाद घालत आलो. शिष्याचे अख्खे आयुष्य मागणाऱ्या या गुरूंविषयी मात्र मौन का?

त्या पालकांना प्रस्तुत लेखकाने एवढेच सांगितले, ‘‘हात कापू द्या. कापतो तो हात उद्या स्थिर होईल. गोळीने स्थिर केलेला हात उद्या धनुष्यच धरू शकणार नाही.’’ ते गप्प राहिले. थोड्या वेळाने मुलाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुलाचा त्या दिवशी क्रमांक आला नाही. परंतु संध्याकाळच्या एसटीत बसलेला तो मुलगा निष्कलंक होता आणि त्याच्या भात्यात पुढच्या स्पर्धेचे सारे बाण शिल्लक होते.