ओट्याखालचे कपाट : मोडावे की दुरुस्त करावे?

चौदा एप्रिल जवळ आली की आपल्या वस्त्यांत घरोघर रंगकाम निघते. भिंती उजळल्या की ओट्याखालची जुनी कपाटे अधिकच कळकट दिसू लागतात. मग घरात विषय निघतो, "आता किचन ट्रॉल्याच बसवून टाकू." उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात चक्कर होते, चकचकीत नमुना डोळ्यांत भरतो आणि दुकानदार हप्त्याचे कागद पुढे सरकवतो. भगिनींनो, सही करण्यापूर्वी घरी येऊन जुने कपाट एकदा नीट तपासा.

कपाट रिकामे करा. सिंकखालच्या कोपऱ्यात आणि भिंतीला टेकलेल्या बाजूस पेचकस टोचून पाहा. तो सहज आत गेला, भुसा पडला, तर पाणी किंवा वाळवी शिरलेली आहे. तो भाग ठेवण्यात अर्थ नाही. फळ्या टणक असतील तर सांगाडा चांगला आहे असे समजावे. अशा वेळी नुसती दारे बदलावीत, किंवा त्याच दारांना नवा सनमायका, नव्या बिजागऱ्या आणि मुठी लावाव्यात. आपल्या ओळखीचा सुतार हे काम घरी येऊन करतो. मात्र सिंकचा गळका पाइप आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवी फळीही त्याच वाटेने जाईल.

नवे करायचेच झाले, तर "वॉटरप्रूफ आहे" या शब्दावर जाऊ नका. पार्टिकल बोर्ड म्हणजे चिकटवून दाबलेला लाकडाचा चुरा. कडेने पाणी शिरले की तो फुगतो, स्क्रू सुटतात, आणि वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. प्लायवर शिक्का पाहावा. एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारे, आय.एस. ७१० हे मरीन प्लाय, सिंकजवळ तेच वापरावे.

बदलापूरकरांना पाण्याचे वेगळे सांगायला नको. जुलै २००५ मध्ये उल्हास नदी घरांत शिरली. २६-२७ जुलै २०१९ ला पुन्हा तेच झाले, आणि वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या तळमजल्यावर ओट्याखाली लाकूड घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कडप्प्याच्या फळ्या आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे लावावीत. पूर ओसरल्यावर धुऊन पुसून घेता येतात. कडप्पा जुनाट दिसतो म्हणे. दिसो!

आता हिशेब. साठ हजार रुपये महिना दोन टक्क्यांनी उचलले आणि वर्षभर मुद्दल फिटले नाही, तर नुसते व्याज १४,४०० रुपये होते. "बिनव्याजी हप्ता" म्हणणाऱ्याला "रोख दिले तर कितीला देता?" एवढेच विचारा. रोखीला सूट निघाली तर तेच तुमचे व्याज. आणि एप्रिलमध्ये घेतलेल्या हप्त्यावर जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी येऊन बसते, तेव्हा पहिली ओढाताण कशाची होणार हे आधीच बोलून घ्यावे.

भाड्याच्या घरात भिंतीत ठोकाठोक करू नये. सोडवून नेता येईल अशी स्टीलची मांडणी बरी.

शेवटचे माप सुतारावर सोडू नका. रोज स्वयंपाक करणारीला ओट्यापुढे उभे करा, हात वर करायला सांगा आणि पोहोचेल तेथे पेन्सिलीने खूण करा. सुतार आपल्या नेहमीच्या मापाने वरचे कपाट ठोकून जातो, आणि मग हळदीच्या डब्यासाठीही स्टूल ओढावे लागते.