मंजुरी माणसाचीच हवी

मा. संपादक,

पासवर्ड मॅनेजर एआय एजंटला जोडला की माणसाने लक्ष घालायची गरज उरत नाही, हे आपल्या अंकातील लेखाचे विधान चुकीचे आहे. वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलेल्या सोयीत एजंटला पासवर्ड दिसत नाही आणि लॉगिन भरण्याआधी मालकाची मंजुरी लागते. बनवणाऱ्यांनीच घातलेली ही अट लेखकाने गाळली.

खेड्यातल्या माणसाची सोय होईल म्हणता? मग बीड जिल्ह्याचा अनुभव पाहा. एक रुपयातील पीकविमा योजनेत इथे बोगस अर्ज भरले गेले, सरकारी जमिनींवरही विमा उतरवला गेला. त्यासाठी कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही. सेवा केंद्रांच्या अधिकृत लॉगिनवरून असे अर्ज गेले, आणि अर्जामागे केंद्राला ४० रुपये ठरलेले होते. असे लॉगिन हाती आले तर हेच काम एजंट रात्रभर न थकता करील. तेव्हा जाब कुणाला विचारायचा?

शिवाय वेबपानात लपवलेली सूचना एजंट मालकाचीच समजून पाळू शकतो. या धोक्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

कमकुवत किंवा पुन्हा पुन्हा वापरलेले पासवर्ड शोधायला एजंट जरूर वापरावा. बँकेचे आणि अनुदानाचे लॉगिन मात्र त्याच्या हाती देऊ नये. सेवा केंद्रचालकाच्या वहीत ज्यांचे पासवर्ड लिहिलेले आहेत, त्यांनी ते आजच बदलावेत.

— एक संगणक शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)