विश्लेषण : युरोपची लष्करी एकजूट जगाचा सत्तासमतोल बदलेल?

२२ मे २०२५ रोजी लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसमध्ये जर्मन लष्कराच्या ४५ व्या चिलखती ब्रिगेडचा औपचारिक स्थापना सोहळा झाला. चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्झ जातीने हजर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात कायमस्वरूपी ब्रिगेड ठेवण्याची ही पहिलीच वेळ. १९४१ मध्ये ज्या भूमीवर जर्मन रणगाडे आक्रमक म्हणून घुसले, तेथेच आता त्यांचे रक्षक म्हणून स्वागत झाले. युरोपात काहीतरी मुळापासून हलले आहे, हे सांगायला एवढे एक दृश्य पुरे. पण या हालचालीतून जगातील नवे सत्ताकेंद्र उभे राहील का, हा प्रश्न निराळा आहे.

युरोपला जाग आताच का आली?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा युरोप हादरला. मात्र त्याची झोप उडाली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये. २८ फेब्रुवारीला व्हाइट हाऊसमध्ये डोनाल्ड ट्रम्प आणि वोलोदिमिर झेलेन्स्की यांच्यात कॅमेऱ्यांसमोर खडाजंगी झाली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने युक्रेनची शस्त्रमदत आणि गुप्तवार्ता पुरवठा थांबवला. तो लवकरच पूर्ववत झाला, पण जे कळायचे ते युरोपला कळले. तोफ आपली असली तरी तिचे डोळे दुसऱ्याकडे असतील, तर ती केव्हाही आंधळी होऊ शकते. त्यात डेन्मार्कच्या अखत्यारीतील ग्रीनलँडवर अमेरिकेचे अध्यक्षच हक्क सांगू लागले. ज्याने घराला पहारा द्यायचा, त्याचीच नजर अंगणावर, अशी ही स्थिती.

पैसा किती उभा राहतोय?

पैशाची उणीव आता फारशी राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ८०० अब्ज युरोपर्यंतचा संरक्षण खर्च शक्य करणारी योजना मांडली. त्यातील १५० अब्ज युरो सदस्य देशांना संयुक्त खरेदीसाठी कर्जरूपाने मिळणार आहेत. जर्मनीने सरकारी कर्जमर्यादेच्या घटनात्मक तरतुदीत बदल करून जीडीपीच्या एक टक्क्यावरील संरक्षण खर्चाला मोकळीक दिली. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटो देशांनी २०३५ पर्यंत जीडीपीच्या पाच टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवले. त्यातील साडेतीन टक्के थेट सैन्य व शस्त्रांसाठी, तर दीड टक्के पूल, बंदरे, सायबर सुरक्षा आदींसाठी आहेत. स्पेनने मात्र इतका खर्च झेपणार नाही असे तेव्हाच सांगून टाकले.

रशियाहून जास्त खर्च, तरी भीती का?

युरोपीय महासंघातील २७ देशांचा २०२४ मधील एकत्रित संरक्षण खर्च ३४३ अब्ज युरो होता. त्याच वर्षी रशियाचा खर्च स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार १४९ अब्ज डॉलर होता. रशियात शस्त्रे आणि सैनिक स्वस्त पडतात हे मान्य केले, तरी तफावत मोठी आहे. तरीही युरोप धास्तावलेला आहे, कारण ३४३ अब्ज ही २७ वेगवेगळ्या तिजोऱ्यांची बेरीज आहे. रशियाची तिजोरी एक, कारखान्यांची आखणी एक आणि हुकूमही एकाचाच.

मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर २०२४ मधील अहवालाने हीच दुखरी नस दाबली. अमेरिकेत मुख्य रणगाड्याचा एकच प्रकार बनतो, तर युरोपीय महासंघातील सैन्ये १२ प्रकारचे रणगाडे वापरतात. म्हणजे सुटे भाग बारा प्रकारचे, प्रशिक्षण बारा प्रकारचे. लढाऊ विमानांचीही तीच कथा. फ्रान्स, जर्मनी व स्पेन यांचा एक प्रकल्प. ब्रिटन आणि इटली यांचा जपानसह दुसरा. त्यातील पहिल्या प्रकल्पात फ्रान्सची दासो आणि एअरबस यांच्यात नेतृत्व कोणाचे, काम कोणाला किती, यावरून वर्षानुवर्षे वाद सुरू आहे. यात नवे काहीच नाही. १९८५ मध्येही फ्रान्स अशाच मतभेदांतून संयुक्त विमान प्रकल्पाबाहेर पडला. इतरांनी युरोफायटर बनवले, फ्रान्सने राफेल.

आदेश कोण देणार?

हा या साऱ्यातील कळीचा प्रश्न आहे आणि तो ७० वर्षे जुना आहे. मे १९५२ मध्ये पॅरिसमध्ये सहा देशांनी संयुक्त युरोपीय सैन्याच्या करारावर सह्या केल्या. ही कल्पना मुळात फ्रान्सचीच होती. पण ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो करार गुंडाळला. पुढे युरोपीय महासंघाने सुमारे १५०० सैनिकांची ‘बॅटलग्रुप’ पथके उभारली. २००७ पासून ती पूर्णपणे सज्ज मानली गेली, पण प्रत्यक्ष संकटात ती कधी धाडलीच गेली नाहीत. खर्च कोणी करायचा आणि जवानांचे प्राण कोणाच्या आदेशावर पणाला लावायचे, यावर एकमत होत नाही, हे त्याचे मुख्य कारण.

महासंघात परराष्ट्र व संरक्षणविषयक निर्णयांना सहसा सर्वांची संमती लागते. हंगेरीने युक्रेनच्या शस्त्रमदतीसाठीचा निधी दीर्घकाळ अडवून धरला, तो याच नियमाच्या जोरावर. दुसरीकडे नाटोच्या युरोपातील सर्वोच्च सेनापतीपदी १९५१ मधील आयसेनहॉवर यांच्यापासून कायम अमेरिकी अधिकारीच नेमला गेला आहे. आणि २०११ च्या लिबिया मोहिमेत हवेतल्या हवेत विमानांत इंधन भरण्यासाठीही युरोपला अमेरिकेवरच विसंबावे लागले होते.

अण्वस्त्रांच्या छत्रीचे काय?

रशियाकडे पाच हजारांहून अधिक अण्वस्त्रे आहेत. फ्रान्सकडे सुमारे २९०, ब्रिटनकडे सुमारे २२५. ब्रिटनची ट्रायडंट क्षेपणास्त्रे अमेरिकी बनावटीची आहेत. फ्रान्सचा अण्वस्त्रसाठा तेवढा स्वतंत्र. १० जुलै २०२५ रोजी या दोन देशांनी नॉर्थवूड जाहीरनाम्यात अण्वस्त्रांबाबत समन्वय साधण्याचे ठरवले. मोठे पाऊलच ते. पण व्हिल्नियस वाचवण्यासाठी पॅरिस पणाला लावायचे का, याचा निर्णय फ्रान्सच्या अध्यक्षांनी आपल्या हातून सोडलेला नाही, आणि ते सोडतील अशी चिन्हेही नाहीत.

मग सत्तासमतोल बदलणार का?

युरोपपुरता तो बदलू लागला आहे. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आल्याने बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर रशिया वगळता सारेच देश नाटोचे झाले. जर्मनीची तिजोरी, पोलंडचे वाढते सैन्य, फ्रान्स-ब्रिटनची अण्वस्त्रे आणि युक्रेनचा रणांगणावरील अनुभव एकत्र आले, तर रशियाला रोखण्याइतकी ताकद येत्या दशकात उभी राहू शकते. सर्वांच्या होकाराची वाट न पाहता इच्छुक देशांचे गट करून पुढे जाण्याची वाटही खुली आहे.

मात्र अमेरिका वा चीनच्या तोडीची तिसरी महासत्ता यातून लगेच घडेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. युरोपच्या हाती येऊ शकते ती ‘नाही’ म्हणण्याची ताकद. मॉस्कोच्या धाकाला नाही, आणि वेळ पडल्यास वॉशिंग्टनच्या अटींनाही नाही. आज युक्रेनसाठी अमेरिकी शस्त्रे युरोपच्या पैशाने घेतली जात असताना तेवढेही कमी नाही. पण त्याची किंमत सामान्य युरोपीय नागरिक मोजणार आहे. निवृत्तिवेतन, दवाखाने आणि शाळा यांच्या खर्चाशी या अब्जावधींची स्पर्धा आहे, आणि सरकारे मतपेटीतून बदलतात.

भारतावर परिणाम काय?

राफेल विमाने, वडोदऱ्यातील सी-२९५ प्रकल्प, मुंबईच्या माझगाव गोदीत फ्रेंच तंत्रज्ञानाने बांधलेल्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्या, अशी युरोपशी आपली संरक्षण भागीदारी जुनी आहे. युरोपचे कारखाने स्वतःच्याच मागणीत गुंतले, तर आपल्या खरेदीला विलंब होऊ शकतो. युरोपीय कर्जयोजनेतील शस्त्रांत बाहेरच्या देशांच्या सुट्या भागांचा वाटा साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच चालतो, त्यामुळे भारतीय उत्पादकांना संधी मिळाली तरी ती मर्यादित असेल. आणि पश्चिमेकडून कोंडी झालेला रशिया चीनकडे जितका झुकेल, तितकी दिल्लीची चिंता वाढेल.

एकजुटीची खरी परीक्षा अब्जांच्या आकड्यांत होणार नाही. बाल्टिक सीमेवर कधी मध्यरात्री संकट उभे राहिले, तर फोन कोणाला करायचा आणि आदेशावर सही कोणाची, याचे उत्तर युरोपकडे हवे. १९५४ मध्ये ते नव्हते. आजही पुरते नाही. जोवर ते मिळत नाही, तोवर युरोपकडे सैन्ये अनेक असतील, सेना मात्र नसेल.