कंपनी हिरवी, बिल आपलं!

वर्क फ्रॉम होममुळे कार्बन घटला म्हणून कंपन्या मिरवतात. जाण्यायेण्याचं पेट्रोल वाचलं, मान्य. पण ऑफिसातला एसी बंद झाला तो आपल्या घरात सुरू झाला, त्याचं काय? महावितरणच्या बिलात महिन्याला १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांना चढा दर. तो भरतो आपण. वर दिवाळीला 'इको-फ्रेंडली' बांबूचा पेनस्टँड, घ्या!

त्यापेक्षा पंखा द्या ना. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस धरा, १५ युनिटांचे ६ होतात. एचआरला मेल टाका, पंख्याचे पैसे मागा. काही ठिकाणी खुर्चीचे देतात की, मग पंख्याचे का नाही?