पदपथावरील माणूस आणि कार्यकर्ता

मुंबईच्या पदपथांवर रात्री खिचडीची पाकिटे वाटणाऱ्या तरुणांची कणव खोटी नव्हे. उपाशी माणसाचे पोट सिद्धान्तांनी भरत नाही. परंतु हा माणूस पदपथावरच का राहतो, हे पाकीट देणाराने विचारले पाहिजे.

१९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने पदपथवासीयांना हुसकून गावी धाडण्याचा घाट घातला, तेव्हा हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे न्यायालयाने १९८५ साली मान्य केले. ही माणसे कामाच्या ओढीने तेथे राहतात, हेही मान्य केले. आणि तरीही झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार कायम राखला! प्रत्यक्ष सवलत मिळाली ती पावसाळा सरेपर्यंतची.

तेव्हा बेघरांत काम करू इच्छिणाराने सकाळीही यावे. मजूर नाक्यावर उभे राहून कुणाची मजुरी मुकादमाने बुडविली ते टिपून घ्यावे. पत्त्याअभावी शिधापत्रिका नाकारणाऱ्या कचेरीत त्या माणसासोबत चार खेटे घालावेत. काम कंटाळवाणे आहे, त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत. १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला तो ग्रामीण महाराष्ट्रापुरता; दुपारी नाक्यावरून रिकाम्या हाती परतणाऱ्या शहरी मजुराला त्यात स्थान नव्हते. शहरातही कामाची हमी हवी, ही मागणी त्याच मजुरांच्या सभेत, त्यांच्याच तोंडून यावयास हवी. स्वयंसेवकाने त्या सभेच्या सतरंज्या अंथराव्यात.